कमी उंचीच्या गॅरेजमध्ये ट्रेलरवरची बोट बसवताना

बोट गॅरेजमध्ये मावेल की नाही हे ठरवायला बहुतेक जण दोनच मापं घेतात: ट्रेलरवर उभ्या बोटीची सर्वांत जास्त उंची आणि दाराची उंची. पहिलं माप मोठं निघालं की नाद सोडून देतात, लहान निघालं की बिनधास्त रिव्हर्स घेतात. दोन्हीकडे घाई होते. बोट दारातून एकदम जात नाही, भागाभागाने जाते. प्रत्येक भाग चौकटीखाली येतो त्या क्षणी ट्रेलर किती कललेला आहे, त्यावर त्या भागाची उंची ठरते. ट्रेलर हा ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, तोललेला सी-सॉ आहे: दांडा (ट्रेलरचा गाडीला जोडायचा पुढचा भाग) खाली केला की ॲक्सलच्या पुढचं सगळं खाली येतं, मागचं सगळं वर जातं. हे एकदा डोक्यात बसलं की सात-आठ सेंटीमीटरची अडचण बरेचदा काहीही न तोडता, न कापता सुटते.

दाराची मोकळी उंची

सात फुटी दार म्हणजे २१३४ मिमी. पण ते दाराचं माप झालं, वाटेचं नव्हे. दार पूर्ण उघडून फरशीपासून सर्वांत खाली लोंबणाऱ्या वस्तूपर्यंत टेप लावा. ती वस्तू लिंटल, म्हणजे दारावरची तुळई, असेलच असं नाही. उघडलेल्या दाराची खालची कड, तिचं रबर, दार ओढायची मूठ, यांतलं काहीही ५० मिमी खाली आलेलं असू शकतं. डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन मापं घ्या आणि सर्वांत लहान माप धरा. फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी ढाळ दिलेला असतो, त्यामुळे दाराच्या दोन टोकांत फरक सापडू शकतो.

आत वळून छताकडेही बघा. दाराच्या मोटरचा रूळ, आडवं झालेलं दार, दिवा, मोटर सोडवायची लोंबती दोरी या सगळ्यांची उंची आणि दारापासूनचं अंतर लिहून ठेवा. उंबरठ्यावर सुखरूप सुटलेली बोट दीड-दोन मीटर आत जाऊन मोटरच्या रुळाला भिडते, हा नेहमीचा प्रकार आहे. त्याचं कारण पुढे उताराच्या भागात येईल.

दार उघडल्यावर लिंटलच्या खाली लोंबत राहत असेल, तर मोटरची वरची मर्यादा वाढवून ते आणखी वर नेता येतं का ते पाहा. ही मर्यादा मोटरवरच्या स्क्रूने किंवा बटणाने बदलते आणि दोन ते पाच सेंटीमीटर फुकट मिळू शकतात. दारावरच्या पिळाच्या स्प्रिंगला मात्र हात लावू नका. तिच्यात अख्ख्या दाराचं वजन तोलण्याइतका ताण भरलेला असतो, आणि ती सुटली तर हात तुटू शकतो. स्प्रिंग किंवा रुळांची जागा बदलायची असेल, तर ते काम दार बसवणाऱ्या कारागिराचं.

बोटीची मापं

ट्रेलर सपाट जागी उभा करा, दांडा गाडीला जोडल्यावर असतो तितक्याच उंचीवर ठेवा आणि टायरमध्ये नेहमीची हवा भरा. मग बोटीवरचे सगळे उंच बिंदू काढा: समोरची काच, स्टिअरिंगभोवतीची दांडी, छत्रीची घडी केलेली चौकट, नाळेवरचं (बोटीच्या पुढच्या टोकावरचं) रेलिंग, इंजिनाच्या टोपणाचा माथा. प्रत्येकासाठी दोन आकडे हवेत. एक जमिनीपासूनची उंची आणि दुसरा ॲक्सलपासूनचं आडवं अंतर, पुढे की मागे ते सांगणारं. बिंदूवरून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने खूण करा आणि ॲक्सलच्या खुणेपासून टेप लावा. कपलरचंही (दांड्याच्या टोकाचा, गाडीला अडकणारा भाग) ॲक्सलपासूनचं अंतर घ्या. दोन ॲक्सल असतील तर दोन्हींचा मध्य धरा.

हे दुसरं माप सगळे टाळतात, आणि सगळा हिशेब त्याच्यावरच चालतो.

समजा कपलर ॲक्सलच्या ४.८ मीटर पुढे आहे आणि काचेचा माथा १.२ मीटर पुढे. गुणोत्तर चारास एक. दांडा ४८० मिमीवरून २०० मिमीवर आणला, म्हणजे २८० मिमी उतरवला, तर काच २८० भागिले ४, म्हणजे ७० मिमी खाली येते. त्याच वेळी ॲक्सलच्या २.४ मीटर मागे असलेला इंजिनाचा माथा १४० मिमी वर जातो. तो सपाटीवर १८०० मिमी असेल तर आता १९४० झाला. दार २०८० असेल तर हरकत नाही. तो आधीच १९८० असता, तर काच वाचवण्याच्या नादात इंजिन अडकलं असतं.

यावरून आणखी एक गोष्ट उघड होते. सर्वांत उंच बिंदू जवळपास ॲक्सलच्या डोक्यावरच असेल, तर दांडा कितीही हलवून काही साधत नाही. तिथे बोटच खाली आणावी लागते किंवा तो भाग काढावा लागतो.

पुठ्ठ्याची बोट

आकडेमोड नको असेल तर पुठ्ठा घ्या. १ सेंटीमीटरला २० सेंटीमीटर या प्रमाणात बोट आणि ट्रेलरची बाजूची आकृती काढून कापा. सहा मीटरची बोट ३० सेंटीमीटरची होते. चाक म्हणून टायरच्या मापाची गोल चकती ॲक्सलच्या जागी टाचणीने अडकवा. दुसऱ्या कागदावर त्याच प्रमाणात फरशी, बाहेरचा उतार, लिंटल आणि मोटरचा रूळ काढा. आता पुठ्ठ्याची बोट सरकवत आत न्या, चाक कायम रेघेवर ठेवा आणि दांड्याचं टोक वर-खाली करून बघा. कुठे काय टेकतं ते लगेच दिसेल. या प्रमाणात २० मिमीची फट कागदावर एकच मिलीमीटर दिसते, म्हणून शेवटचा निकाल पुठ्ठ्यावर सोडू नका. पण नेमकी अडचण कुठे आहे हे शोधायला याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही.

उतार काय करतो

दारासमोरची जागा सपाट असेल तर हा भाग सोडून दिला तरी चालेल.

रस्ता गॅरेजकडे चढत जात असेल आणि तुम्ही मागे घेत असाल, तर पिछाडी आधी आत शिरते. त्या वेळी ॲक्सल अजून चढावर असतो, म्हणून ट्रेलर मागे वर उचलल्यासारखा कललेला असतो. आतली फरशी मात्र सपाट. परिणामी पिछाडी जितकी आत जाईल तितकी फरशीपासून उंच होत जाते. चढ १२ ला १ असेल आणि इंजिन ॲक्सलच्या २.४ मीटर मागे असेल, तर ॲक्सल उंबरठ्यावर पोचेपर्यंत इंजिनाचा माथा २०० मिमी वर गेलेला असतो. दारातून सुटलेली बोट आत रुळाला लागते ती अशी. उपाय म्हणजे या टप्प्यात दांडा उंच ठेवायचा, म्हणजे पिछाडी दबून राहते. चाकं आत गेली की चित्र उलटतं. आता कपलर उतारावर, खाली असतो, आणि ॲक्सलच्या पुढची काच आपोआप खाली येते. वरच्या उदाहरणात ७५ मिमी, तेही दांड्याला हात न लावता.

रस्ता गॅरेजकडे उतरत असेल तर सगळं उलटं होतं, आणि ही परिस्थिती जास्त वाईट. चाकं आत, कपलर बाहेर चढावर. काच दाराखाली येते नेमकी तेव्हाच ती ७५ मिमी वर उचललेली असते. त्याआधी पिछाडी आत शिरताना इंजिनाचं खालचं टोक आणि पंखा फरशीला घासायला येतात, म्हणून तिथे इंजिन वर उचलून ठेवावंच लागतं. अशा जागी गाडीला जोडलेल्या अवस्थेत बोट आत नेण्याचा हट्ट धरू नका. उंबरठ्याजवळ ट्रेलर सोडवून दांडा खाली घेण्याची तयारी आधीच ठेवा.

उंची कुठून काढायची

आधी काढण्यासारखं सगळं काढा. झाकणाखालचे टेकू, अँटेना, दिव्याची काठी, छत्री आणि शक्य तर छत्रीच्या खुंट्याही. दुमडणारा टॉवर (बोटीवरची उंच नळ्यांची कमान) असेल तर दोघांनी मिळून दुमडा, तो दिसतो त्यापेक्षा जड असतो. आणि दुमडल्यावर तो कुठे येतो ते मोजा, कारण काही टॉवर दुमडूनही काचेच्या वरच राहतात. काच ॲल्युमिनियमच्या चौकटीत बोल्टने बसवलेली असेल तर ती काढता येते, पण दर वेळी काढायची ही गोष्ट नव्हे. भोकं सैल होतात आणि रबराची पट्टी पाणी धरेनाशी होते. वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर काढायची असेल तर ठीक.

दांड्याचा हिशेब वर दिलाच आहे. प्रत्यक्षात अडचण येते ती जॅकची. नेहमीचा चाकवाला जॅक दांड्याला हवं तितकं खाली जाऊ देत नाही, त्याचं चाक आणि नळीच ३०० मिमी जागा खातात. जॅक आडवा फिरवून बाजूला करा आणि कपलर एका बुटक्या, चार फिरत्या चाकांच्या ट्रॉलीवर टेकवा. ट्रॉलीची भारक्षमता दांड्यावरच्या वजनाच्या निदान दुप्पट हवी. बोटीच्या ट्रेलरवर हे वजन साधारणपणे एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के असतं, म्हणजे १२०० किलोला ६० ते १२० किलो. ट्रॉलीची चाकं कडक आणि निदान ७५ मिमी व्यासाची घ्या. त्याहून लहान चाकं फरशीच्या सांध्यात अडकतात.

दोन ॲक्सलच्या ट्रेलरला जपून कलवा. पाट्यांच्या स्प्रिंगा आणि मधे समतोल साधणारी पट्टी असेल, तर थोडा कल चालतो. रबराच्या टॉर्शन ॲक्सलना असा समतोल नसतो. दांडा खाली केला की सगळा भार पुढच्या ॲक्सलवर जातो, उंच केला की मागच्यावर. सपाट फरशीवर, माणसाच्या चालीने, काही मीटरपुरतंच हे करा.

टायरमधली हवा कमी करणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय. त्यातून १५ ते २५ मिमी मिळतात, फार नाही. निम्म्याहून कमी हवा करू नका, रिम टायरची कड कापते. आणि अशा टायरवर बोट महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. आत गेल्यावर पुन्हा हवा भरा.

मोठा फरक पडतो तो गॅरेजपुरत्या लहान चाकांनी, आणि माझ्या मते ३० मिमीहून जास्त अडचण असेल तर आधी याच उपायाचा विचार करावा. १७५/८०, १३ इंची टायरचा व्यास ६१० मिमी असतो. त्याच्या जागी ४.८०, ८ इंची चाक लावलं तर व्यास सुमारे ४१५ मिमी होतो. फरकाचा अर्धा भाग, म्हणजे जवळजवळ ९७ मिमी, अख्खी बोट खाली येते, आणि तीही कुठेही न कलता. चाकं घेण्याआधी तीन गोष्टी तपासा: बोल्टची संख्या आणि वर्तुळ जुळतं का, रिम ब्रेकच्या ड्रमवर किंवा कॅलिपरवर बसते का, आणि टायरच्या कडेला छापलेली भारक्षमता पुरते का. ब्रेक असलेल्या ट्रेलरवर ८ इंची रिम बहुतेक वेळा बसत नाही, तिथे १० किंवा १२ इंची बघावी लागते. ट्रेलर इतका खाली आल्यावर इंजिनाचं टोक आणि मागची आडवी दांडी उंबरठ्याला लागत नाही ना, तेही पाहा. चाकं बदलताना जॅक ट्रेलरच्या चौकटीला लावा, ॲक्सलच्या नळीच्या मध्यावर नको. नळी वाकते.

बोट ज्या गादीदार लाकडी पट्ट्यांवर टेकलेली असते, त्यांचे कंस खाली सरकवून आणखी काही सेंटीमीटर मिळू शकतात. मर्यादा दोन: बोटीचा तळ आडव्या दांडीपासून निदान २५ मिमी सुटा राहिला पाहिजे आणि कडा मडगार्डला लागता कामा नये. सगळे कंस सारखेच खाली घ्या. एक कंस वर राहिला तर सगळं वजन तिथे येतं आणि फायबरचा तळ त्या जागी आत दबतो. वजन पट्ट्यांच्या पूर्ण लांबीवर पसरलंय की नाही ते बघायला कागदाची पट्टी तळाखाली सरकवून पाहा. जिथे ती सहज जाते तिथे बोट टेकलेली नाही.

ॲक्सल पाट्यांच्या खाली बांधलेला असेल तर तो वर घेऊन ट्रेलर खाली आणता येतो. नळीचा व्यास आणि पाट्यांची जाडी यांची बेरीज मिळते, साधारण १०० मिमी. इथे एक चूक हमखास होते. ॲक्सलला मधोमध वर किंचित बाक दिलेला असतो. नुसता उलटा करून बसवला तर बाक उलटा होतो आणि टायर आतल्या कडेला झिजतात. ॲक्सल सरळच ठेवून पाट्यांच्या बैठका त्याच्या खालच्या बाजूला वेल्ड करायला हव्यात, आणि हे काम ट्रेलर बनवणाऱ्याकडूनच करून घ्या. खाली आल्यावर टायर आणि मडगार्डमध्ये ७५ मिमी तरी जागा उरली पाहिजे.

लिंटल कापून दार उंच करणं हा शेवटचा मार्ग. त्यावर वरचं बांधकाम बसलेलं असतं, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय छिन्नीही लावू नका.

आत नेताना

हे काम दोघांचं, तिघं असले तर उत्तम. एक दारात, चौकटीशेजारी, फक्त सर्वांत उंच बिंदूकडे बघणारा. एक दांड्यापाशी. तिसरा आत, रूळ आणि मागच्या भिंतीसाठी. "थांब" हा शब्द कोणीही म्हटला की सगळं जागच्या जागी थांबतं, हे आधी ठरवा.

१. बोटीतलं सुटं सामान बाहेर काढा. बोट ट्रेलरला पट्ट्यांनी बांधलेलीच राहू द्या.

२. पुठ्ठ्यावर जिथे दांडा हलवायची गरज दिसली, तिथे चाकांच्या जागी फरशीवर रंगीत पट्टी चिकटवा आणि तिच्यावर दांड्याची उंची लिहा: "५५०", "२००". पुढच्या वेळी मोजमाप करावं लागत नाही.

३. गाडीने मागे घेत पहिल्या पट्टीपर्यंत आणा. हँडब्रेक लावा, ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि मगच कपलर सोडवा. ठोकळ्याआधी कपलर सुटला तर उतारावर ट्रेलर माणसाला जुमानत नाही.

४. पिछाडी आत जाईपर्यंत दांडा उंच. चाकं उंबरठा ओलांडून काच चौकटीच्या अर्धा मीटर अलीकडे आली की थांबा, ठोकळे लावा, दांडा ट्रॉलीवर उतरवा.

५. फट २० मिमीहून कमी असेल तर पुढे जाऊ नका. पाट्यांवरचा ट्रेलर फरशीच्या सांध्यावरूनही तितका उसळतो. फट मोजायला २० मिमी जाडीची लाकडी पट्टी हातात ठेवा आणि काच जाईपर्यंत चौकटीखाली ती फिरवत राहा.

सपाट फरशीवर १२०० किलोचा ट्रेलर दोघं ढकलू शकतात. उतारावर नाही. १० ला १ चढावर नुसतं वजनच १२० किलोच्या जोराने मागे ओढत असतं. तिथे मागच्या भिंतीजवळ फरशीत पक्क्या बसवलेल्या कडीला विंच (दोरी गुंडाळून ओढणारं यंत्र) लावून ओढा, आणि एका जणाने ठोकळा चाकामागे सरकवत चालावं. ताणलेल्या दोरीच्या रेषेत कोणी उभं राहू नये.

दांडा उंच असताना कोणालाही पिछाडीवर चढू देऊ नका. वरच्याच ट्रेलरवर दांड्याचं वजन ७ टक्के असेल, तर वजनाचा मध्य ॲक्सलच्या ३३६ मिमी पुढे असतो. तो मध्य ॲक्सलपासून एक मीटर उंच धरला, तर दांडा ४०० मिमी उचलल्यावर तो ८० मिमीहून जास्त मागे सरकतो. सपाटीवर ८० किलोची दोन माणसं मागे बसली तरी दांडा खाली राहतो. उचललेल्या अवस्थेत तीच दोन माणसं ट्रेलर मागे पालथा करतात. आणि त्याच वेळी नाळेकडचं टोक लिंटलवर आदळतं.

उभी केल्यावर

जागा असेल तितका दांडा पुन्हा उंच करा आणि पिछाडीचं बूच काढून ठेवा, म्हणजे आतलं पाणी निघून जातं. आउटबोर्ड (पिछाडीला बाहेरून लावलेलं) इंजिन उभं, खाली सोडलेलं ठेवा. वर उचललेल्या इंजिनात पाणी साचून राहतं आणि थंडीत गोठलं तर गिअरचं कवच फुटतं. ट्रेलरच्या चौकटीखाली चार स्टँड लावून टायरवरचा भार कमी करा. बॅटरीची वायर सोडवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीलगत पसरते, म्हणून त्याच गॅरेजमध्ये ज्योतीवर चालणारा गीझर असेल तर बोट तिथे ठेवू नका.

बाहेर काढताना क्रम उलटा: आधी दांडा खाली, काच सुटली की वर. लहान चाकांवर रस्त्यावर एक फूटही जायचं नाही. मोठी चाकं लावा, नट समोरासमोरच्या क्रमाने उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवर आवळा, थंड टायरमध्ये पूर्ण हवा भरा आणि पहिल्या ८० किलोमीटरनंतर थांबून नट पुन्हा तपासा.